कोऱ्या पात्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना खिशातला चाकू आहे. वय विचाराल तर तुमच्या पणजोबांच्या बरोबरीचं. आणि आजवर काय काय कापलंस असं विचाराल, तर काहीच नाही! सफरचंद नाही, पेन्सिल नाही, साधी सुतळीसुद्धा नाही. हसू नका. मला बघायला लोक लांबून येतात, काचेला नाक लावून वाकतात आणि "अरे वा, अरे वा" करतात. त्या प्रत्येक 'अरे वा'ला माझं पोलाद आतल्या आत जळतं. का, ते सांगतो.

माझा जन्म अमेरिकेत उत्तरेकडे, नदीकाठच्या एका चाकूंच्या कारखान्यात झाला. माझी तीन पाती घासून घासून चमकवली, मुठीला गाईचं हाड बसवलं, ओल्या हातातून निसटू नये म्हणून त्या हाडावर खरबरीत रेघा कोरल्या. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला जोडलं, त्याने माझं एकेक पातं उघडून मिटलं, 'टक्क' असा आवाज कान लावून ऐकला आणि म्हणाला, "जा पोरा, कुणाच्या तरी खिशात छान झिज." आम्हा चाकूंना याहून मोठा आशीर्वाद नसतो. मला वाटलं, आपल्याला लागला आशीर्वाद.

कसला लागतोय!

टेनेसीच्या डोंगरातल्या पायनी क्रीक गावात खिळे, दोर, बियाणं, कंदील असलं सगळं विकणारं एक दुकान होतं. तिथे मी भावांसोबत खोक्यातून आलो. भाऊ एकेक करून शेतकऱ्यांच्या खिशात गेले आणि मी मेणकागदाच्या पुडीसकट ड्रॉवरमागच्या फटीत पडलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाऊ मात्र भेटायचे. मालक दुकानात आले की त्यांच्या खिशातून तेही येणारच ना! गल्ल्यापाशी कुणी तंबाखूची वडी कापायचा, कुणी उगाच काठी तासत गप्पा छाटायचा. भावांची 'टक्क' मी अंधारातून ओळखायचो. वर्षं गेली तशी ती टक्क मऊ होत गेली. ते झिजत होते! मी हेव्याने नुसता करकरीत पडून होतो.

मग दुकान बंद पडलं, आणि ते लाकडी काउंटर हॉबर्ट टॅकेटने उचललं. हॉबर्ट म्हणजे शाळेच्या बसवरचा निवृत्त ड्रायव्हर आणि पंचक्रोशीतला चाकूंचा सगळ्यात मोठा शौकीन. ड्रॉवर उपसताना मी त्याच्या हाताला लागलो. त्याने मेणकागद सोडला, आणि खरं सांगतो, तो भला थोरला माणूस स्वयंपाकघरात नाचत गेला.

"ओझेला! अगं ए ओझेला! बघ काय सापडलंय! कोरा! शिक्का बघ, महायुद्धाच्या आधीचा! एकदासुद्धा धार लावलेली नाही!"

ओझेला, त्याची बायको, मक्याच्या पिठाचं पोतं मांडीत धरून बसली होती. तिने मान वर केली नाही. "म्हणजे आणखी एक. घरभर चाकू, आणि पोती मी दातांनी फाडते. आण इकडे, याने फाडते."

"खबरदार!"

"तरी म्हटलंच. लग्नात आणलेले दात आहेत माझे, तेवढे पुरतील."

हॉबर्ट वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायलाच हवं. उलट तसा असता तर माझी तक्रार सोपी झाली असती. त्याला आमची ओळख होती. चाकूची पाठ किती वाकलीय, पाती किती, मुठीच्या टोकाची धातूची टोपी केवढी, पातं उघडायची नखाची खाच कुठे, यावरून तो कूळ सांगायचा, गाव सांगायचा, साल सांगायचा. आणि हे सगळं तो आपल्या नातीला, डार्लाला, शिकवायचा. डार्ला आजीआजोबांकडेच राहायची. आजोबांना ती पपॉ म्हणायची, आजीला मॅमॉ. संध्याकाळी जेवण झालं की पायऱ्यांवर दोघांचा खेळ चालायचा, डोळे मिटून नुसत्या बोटांनी चाकूची जात ओळखायचा.

"डोळे मीट. हा कोणता?"

"दोन्ही टोकं वर. होडी!"

"हा?"

"इवलासा आहे. शेंगदाणा. पपॉ, सोप्पे काय देता? मी काय लहान आहे?"

"बरं बाई, मोठी झालीस. मग हा सांग." आणि त्याने मला, रुमालात धरून, तिच्या हातावर ठेवलं.

तिच्या हातांना दुधाचा आणि गवताचा वास होता. तिची बोटं माझ्यावरून फिरली आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाचे तरी आहोत.

"तीन पाती... पाठ जराशी वाकडी... स्टॉकमन! गुरं राखणाऱ्यांचा."

"पाती?"

"लांब टोकदार, ते सगळ्या कामाचं. मधलं मेंढीच्या खुरासारखं. आणि तिसरं..." ती फिदीफिदी हसायला लागली. "तिसरं गोऱ्ह्यांचा बैल करायला."

"मॅमॉसमोर हे बोलू नकोस, मला जेवायला मिळायचं नाही. मधल्याला टोक का नाही?"

"जनावराच्या गळ्याशी दोर आवळला तर पातं आत सरकवून कापता यावं, कातडीला टोचू नये, म्हणून!" तिने डोळे उघडले. "पपॉ, उघडून बघू? एकदाच?"

"अंहं. पात्याला घामाचं बोट लागलं की डाग पडतो. हा फक्त बघायचा."

ऐकलंत? फक्त बघायचा!

दुधाचा वास कुठला, तेही सांगतो. त्या वसंतात हॉबर्टची गाय विताना गेली आणि मागे कालवड राहिली. डार्लाने तिला बाटलीने दूध पाजून जगवलं. रंगावरून नाव ठेवलं काकवी. काकवी तिच्यामागे दारापर्यंत यायची, आणि एकदा तर आत येऊन ओझेलाच्या एप्रनची नाडी चघळून गेली. "हिला जत्रेत बक्षीस मिळालं नाही तर मी हिलाच तळते," असं ओझेला म्हणायची आणि गुपचूप तिला शिळा पाव चारायची. जत्रेत कालवडींची स्पर्धा होती, आणि शेजारच्याच मांडवात चाकूवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन. दोन्ही एकाच शनिवारी सुरू होणार. डार्ला काकवीला घेऊन जाणार, हॉबर्ट मला घेऊन. घरात दुसरा विषय नव्हता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात कोर्टासमोरच्या बाकावर एक गोष्ट घडली. तिथे म्हातारे जमून चाकूंची 'न बघता' अदलाबदल करतात. दोघांनी मुठी मिटून पुढे करायच्या, हो म्हणायचं, मग मुठी उघडायच्या. नशिबात असेल ते तुमचं, तक्रार करायची नाही. हॉबर्टच्या मुठीत होता त्याचा रोजचा चाकू, कित्येक वर्षं त्याच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात राहिलेला, काळवंडलेला, पातं झिजून निम्मं झालेला. समोर होता क्लोव्हिस रेन्फ्रो, शेजारच्या टेकडीवरचा शेतकरी. त्याच्या मुठीतून निघाली एक जवळजवळ कोरी होडी.

बाकावर हशा पिकला. "क्लोव्हिस, फसलास रे! घोडा देऊन गाढव घेतलंस!"

क्लोव्हिसने तो जुना चाकू उघडला, अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि खिशात टाकला. "कापतो ना? मग गाढवच बरं. घोड्याला तर तुम्ही पलंगावर निजवता."

हॉबर्ट खुशीत घरी आला. होडी माझ्या शेजारी, फडक्याच्या घडीत झोपली. गाडीचा कप्पा रिकामा झाला, हे त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

शनिवार उजाडला. काकवीला अंघोळ घालून, शेपटी विंचरून पिकअपच्या मागच्या हौद्यात चढवलं. कडेला लाकडी फळ्यांचा कठडा होता, त्याला तिचा दोर बांधला. मी हॉबर्टच्या शर्टच्या खिशात होतो, छातीशी, रुमालात. पुढे डार्ला आणि तो. ती सारखी मागच्या काचेतून बघत होती. "पपॉ, हळू. ती घाबरते."

घाटातल्या वळणावर समोरून लाकडांची गाडी आली. हॉबर्टने ब्रेक दाबला. मागे धडाड असा आवाज झाला.

काकवी घसरून कठड्याच्या फळ्यांमधून अर्धी बाहेर लटकत होती. पुढचे पाय हवेत, आणि दोर फळीला अन् गळ्याला असा आवळलेला की मध्ये बोटभर जागा मोकळी नव्हती. गाठ तिच्याच वजनाने दगड झाली होती. कापायचा तर गळ्यालगतच कापायला हवा होता. डार्ला खाली धावली, काकवीच्या छातीखाली खांदा लावून तिला वर रेटायला लागली. एवढीशी पोर, एवढं मोठं वासरू!

"पपॉ, कापा! कापा ना!"

हॉबर्टने मला बाहेर काढलं. रुमाल पडला. त्याचं नख माझ्या मधल्या पात्याच्या खाचेत बसलं. मित्रांनो, मी याचसाठी जन्मलो होतो! हेच पातं, हाच दोर, हाच गळा! पातं अर्धं वर आलं, माझी स्प्रिंग ताणली गेली, उघड्यावरचा वारा पहिल्यांदा धारेला लागला.

"हा नको," हॉबर्ट म्हणाला.

त्याने मला मिटलं. टक्क.

"थांब, कप्प्यात दुसरा आहे! थांब!" तो गाडीच्या पुढच्या कप्प्याकडे धावला. पावत्या निघाल्या, हातमोजे निघाले, एक जुनं बिस्किट निघालं. चाकू कुठून निघणार? तो सगळं उपसत राहिला, त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा हात घालत राहिला. मागून डार्लाचा आवाज येत होता, "पपॉ, ती डोळे फिरवतेय! पपॉ!" मग नुसतंच "पपॉ".

तो परत धावत आला. त्याचा हात पुन्हा माझ्यापाशी आला होता, हे मी इमानाने सांगतो. अंगठा खाचेवर होता. पण तेवढ्यात मागून क्लोव्हिसची गाडी येऊन थांबली. तो उतरला, काही विचारलं नाही, खिशातून तो झिजलेला चाकू काढून गळ्याशी घातला आणि एका ओढीत दोर कापला. त्या पात्याला टोक होतं. काकवीच्या कातडीला लांब ओरखडा उठला, रक्त आलं.

काकवीने मानही हलवली नाही.

त्या दुसऱ्या वेळी हॉबर्टने मला उघडलं असतं का? मला माहीत नाही. इतकी वर्षं मी हेच विचारत पडलोय. त्यालाही माहीत नसावं.

क्लोव्हिसने टोपी काढली. डार्ला मातीत बसून काकवीचं डोकं मांडीवर घेऊन होती. ती रडत नव्हती. ती हॉबर्टच्या हाताकडे बघत होती, मी होतो त्या हाताकडे.

प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. रविवारी ओझेलाच म्हणाली, "जा, मांड तुझं दुकान. घरात बसून माझ्याकडे बघू नकोस." आणि डार्ला न सांगता गाडीत जाऊन बसली. का आली, कुणी विचारलं नाही.

मांडवात मी लाल मखमलीवर होतो, तिन्ही पाती अर्धवट उघडून. गर्दी झाली. लांबच्या गावाहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "अप्रतिम नग आहे हो. पण हे मधलं पातं असं का? टोकच नाही?"

हॉबर्टचं तोंड सवयीने उघडलं. "त्याचं काय आहे, जनावराच्या गळ्याशी दोर आवळला..."

आणि त्याची नजर माझ्या त्याच पात्यावर गेली.

"तर कातडीला न टोचता आत घालून कापता यावा, म्हणून," डार्ला मागून म्हणाली. अगदी स्पष्ट, शाळेत उत्तर देतात तशी. "पण हा नाही कापत. हा कोरा आहे."

पाहुणा हसला. त्याला वाटलं, पोर विनोद करतेय. परीक्षकांनी भिंग लावून माझी धार पाहिली, एकमेकांकडे बघून माना हलवल्या आणि माझ्यापुढे निळी फीत ठेवली. पहिलं बक्षीस! टाळ्या वाजल्या. इतकी लाज मला त्या फटीतल्या अंधारातही कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर हॉबर्टने मला रुमालाशिवाय, उघड्या हाताने उचललं आणि डार्लापुढे धरलं. त्याचा तळवा घामाने भिजला होता. "घे. तुझा. वाट्टेल ते काप."

तिने हात मागेच ठेवले. "मला कापायला काही नाही, पपॉ," ती म्हणाली, आणि रिकामी दुधाची बाटली धुवायला विहिरीकडे गेली.

त्याने मला डब्यात ठेवलं. घामाचा तो डागसुद्धा माझ्यावर पडला नाही, कारण ओझेलाने नंतर मला पुसून तेलाचा हात फिरवला. पुसताना म्हणाली, "तू तरी काय करणार म्हणा." एवढी एकच माझी बाजू घेणारी निघाली. पायऱ्यांवरचा खेळ परत झाला नाही. हॉबर्ट गेल्यावर सगळे चाकू लिलावात निघाले. डार्ला तेव्हा मोठी झाली होती. ती आली, माझ्यावरून नजर फिरवली आणि पुढे गेली. आता मी दूरच्या शहरात एका दंतवैद्याच्या काचेच्या कपाटात असतो. वर दिवा आहे, खाली मखमल आहे. मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, "याला हवासुद्धा लागलेली नाही."

लागलीय हो! त्या घाटात, एकदा लागलीय. पण सांगू कुणाला?

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. तुमच्याही घरात असं काहीतरी कोरं असेल. आजोबांचं पेन असेल, कपाटावरची सतार असेल, पाहुण्यांसाठी ठेवलेली ताटं असतील. त्यांना पुसा, तेल लावा, ओलाव्यापासून राखा, सगळं करा. पण त्यांना कामाला लावा. डाग पडू द्या, धार झिजू द्या, पुन्हा लावा. आणि एखादा जीव समोर तडफडत असेल, तर हातात जे असेल त्याची किंमत आठवत बसू नका.

आधी कापा.