पेपरात न येणारं पुस्तक

“अकरा!” कूसरांनी कच्चा पेपर प्योबाईंच्या टेबलावर आपटला. “मागच्या परीक्षेत अकरा पोरींना इंग्रजीत पैकीच्या पैकी! पुढे काय झालं, माहितेय ना?”

माहीत नसायला काय झालं! एकशेवीस पोरींत पहिली श्रेणी मिळते पाच जणींना. अकरा जणी एकाच गुणावर अडकल्या, म्हणून पहिली श्रेणी कुणालाच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या आया शाळेत हजर. जिनजू शहरातल्या त्या मुलींच्या शाळेत कूसर इंग्रजीचे विभागप्रमुख, त्यामुळे त्यांनाच सगळं ऐकून घ्यावं लागलं होतं.

“या खेपेला एक प्रश्न असा हवा, की निम्म्या गारद,” ते म्हणाले. “तुमचं ते गाढवाचं पुस्तक आहे ना, त्यातलाच घ्या.”

“त्यातला नाही, सर. ते पेपरात येणार नाही, असा मी मुलींना शब्द दिलाय.”

“वा! मग शब्दच विचारा की!” कूसर स्वतःच्याच विनोदावर हसले. प्योबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या माणसाला काय कळणार होतं? प्योबाई शाळेत असताना इंग्रजी शब्दकोशाचं पान पाठ झालं की ते फाडायचं आणि चावून गिळायचं, अशी रीत होती. त्यांनीही गिळली होती. शाईने जीभ काळी व्हायची, आई ओरडायची. आठ हजार शब्द पोटात गेले आणि सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा एक इंग्रजी कादंबरी हातात घेतली, तर तिसऱ्या पानावर गाडी अडली. एकूण एक शब्द ओळखीचा, आणि कळलं म्हणाल तर काही नाही. त्या रात्री त्या ढसाढसा रडल्या होत्या. आपल्याला दहा वर्षं फसवलं, असं त्यांना वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

म्हणून सगळ्या वर्गांचा आठवड्याला एकेक तास त्यांनी गाढवाच्या त्या पुस्तकासाठी मागून घेतला; सोलबीच्या वर्गाचा गुरुवारी शेवटचा. एका बेटावरची विधवा म्हातारी आणि तिचं हट्टी गाढव, एवढीच त्या कादंबरीची गोष्ट. पण शब्द असले अवघड, की शिकवणीवाल्यांच्या याद्यांत सापडायचे नाहीत. नियम एकच, शब्दकोश बंद. म्हातारी काय करतेय ते बघायचं, भांडायचं, अर्थ काढायचा. मग तो शब्द एकीने घरी न्यायचा आणि आठवड्यात एका जिवंत माणसावर वापरून यायचं.

घरची थंड शेवयांची खाणावळ असलेली सोलबी आजवर इंग्रजीत कधी मधल्या श्रेणीच्या वर गेली नव्हती. तिच्या वाट्याला वरून गोडगोड बोलून आतून जळणाऱ्या बाईसाठीचा शब्द आला. सोमवारी ती जिन्यातच ओरडली, “बाई, वापरला! आमच्या मावशीला अस्सा चपखल बसला! तिला इंग्रजी येत नाही म्हणून वाचले, नाहीतर झाडूच खाल्ला असता.”

असल्या पोरीला प्योबाईंनी शब्द दिला होता.

“सर, दुसरा कुठलाही उतारा घ्या. कितीही अवघड काढते.”

“दुसरे उतारे शिकवणीत घोटून घेतलेत. हाच राहिलाय.” कूसरांनी खुर्ची जवळ ओढली. “म्हातारी गाढव विकायला निघते आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरते, तो परिच्छेद घ्या. पाच शब्दांखाली रेघा मारा, त्यातला एक बदलून चुकीचा घाला. कुठला चुकीचा ते ओळखा. झालं!”

“तो परिच्छेद मुली पुन्हा पुन्हा वाचतात हो! आवडतो म्हणून!”

“मग चांगलंच की, सोडवतील.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “प्योबाई, फेब्रुवारीत तुमचं कंत्राट संपतंय. माझी शिफारस लागते. मी काही धमकी देत नाही, हं.”

नाही कशी! त्रेचाळीस वर्षांची बाई, ही सहावी शाळा, दर फेब्रुवारीला तीच धाकधूक. प्योबाई दातओठ खात घरी गेल्या. म्हाताऱ्या आईला जेवायला वाढलं, भांडी आदळली, आणि प्रश्न काढला. गाढववाल्या म्हातारीच्या तोंडी त्यांनी स्वतःच्या हाताने खोटा शब्द घातला. इतकी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी कुणाला शंका आहे का, हे विचारायला त्या वर्गावर्गांतून फिरल्या. सोलबी चोविसाव्या, म्हातारीवरच्या त्या प्रश्नावर बोट ठेवून बसली होती. तिने मान वर केली, बाईंकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. शंका कुणालाच नव्हती.

निम्म्या गारद झाल्या. पहिली श्रेणी बरोब्बर पाच जणींना मिळाली. कूसरांनी शिक्षकांना कॉफी पाजली. प्योबाईंनी कप तसाच ठेवला.

मग डिसेंबरातले रिकामे तास आले. इतर वर्गांत सिनेमे लागले. प्योबाई गुरुवारी पुस्तक घेऊन वर्गात गेल्या. शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं.

“पोरींनो, माझं चुकलं,” त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. “मी शब्द मोडला. मला कुणी मोडायला लावला म्हणा, पण मोडला मीच. आज नुसतं वाचू या.”

सोलबीने हात वर केला.

“बाई, हे प्रकरण परीक्षेत येणार का?”

“परीक्षा झाली ना, बाळ. नाही येणार.”

“तेव्हाही तुम्ही नाहीच म्हणाला होतात,” सोलबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

प्योबाई वाचू लागल्या. गाढव शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चादरी चघळतं आणि म्हातारी हातात काठी घेऊन त्याला सोडून शेजाऱ्यालाच मारायला धावते, त्या ओळीवर त्या मुद्दाम थांबल्या. कुणी हसलं नाही. चोवीसही माना खाली होत्या. पोरींनी पट्ट्या काढल्या होत्या आणि एकेका अवघड शब्दाखाली सरळ रेघ मारत होत्या. सोलबीने समासात आकडे घालायला सुरुवात केली होती. बाई थांबल्याचं पाहून ती म्हणाली, “पुढे वाचा ना, बाई. सतरा शब्द झाले.”