टेपवर राहिलेली नावं

मी रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीतली नावांची यादी बोलतेय. वहीतली नव्हे, कॉम्प्युटरमधली. साहेब लोक मला डिरेक्टरी म्हणतात. पंच्याण्णव साली सर्व्हरच्या डिस्कवर माझा जन्म झाला. कंपनीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर कुणी आपलं नाव आणि पासवर्ड टाकला, की तो आधी माझ्याकडे येतो. मी त्याला ओळखते, त्याला काय उघडायची परवानगी आहे ते सांगते आणि त्याची वेळ टिपून ठेवते. एवढंच माझं काम, पण ते मी चोख करते. माणसांसारखं 'बघतो, सांगतो' मला जमत नाही.

माझं अंग मात्र फार सुटलं. त्याला कारण इथली रीत. कंत्राटी कामगारांना दर सहा महिन्यांनी 'ब्रेक' द्यायचा, चार दिवस घरी बसवायचं आणि परत घ्यायचं, म्हणजे माणूस कायम होत नाही. बहुतेकदा हा ब्रेक नेमका गणपतीच्या तोंडावर. दर वेळी नाव काढा, पुन्हा नव्याने घाला. काढलेल्या नावाची खूण माझ्यात काही दिवस राहते, मग ती जागा रिकामी होते. पण जागा रिकामी झाली म्हणून मी बारीक होत नाही. तीन वर्षांत मी इतकी फुगले की डिस्क भरत आली. कामगार शिफ्टवर आल्यावर ज्यांत आपलं नाव टाकतात ते वजनकाट्यावरचे कॉम्प्युटर अडकायला लागले, आणि शिफ्टवर आलेली माणसं मलाच शिव्या घालायची. मला राग यायचा. नावांची ही काढघाल मी करत होते का?

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात एक दिवस प्लांट दुपारी तीनपर्यंत देखभालीसाठी बंद होता. कॉम्प्युटर विभागाच्या प्रविण साहेबांनी मृणालीला बोलावलं. मृणाली पेणची, रोज गाडीने रोह्याला यायची. तीही सहा महिन्यांच्या कंत्राटावरच होती.

"नव्वद दिवसांत जे आले नाहीत त्यांची नावं उडवा आणि यादी छोटी करा. तीनच्या शिफ्टला चालू पाहिजे," साहेब म्हणाले.

मृणाली नावं वाचू लागली. म्हातारे शिपाई जनू चहा ठेवत होते. "मोरू म्हात्रे," ती पुटपुटली, आणि जनूंचा हात थांबला.

"त्याला काढू नको गो बाय. आमचे गावचा हाय तो. अजून दवाखान्यात पडलाय."

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला मोरूच्या अंगावर गरम केमिकल उडालं होतं. कंपनी म्हणत होती, त्याला सतरापासून ब्रेक होता, तो आत कसा शिरला ठाऊक नाही, तेव्हा आमची काही जबाबदारी नाही.

"ब्रेकचा कागद मागाहून केला," जनू हळूच म्हणाले. "त्याची बायको सांगून सांगून दमली. कोन ऐकत नाय."

मृणालीने माझ्यात पाहिलं. मोरू म्हात्रे, वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरवर शेवटचं येणं एकोणीस ऑगस्ट, सकाळी सहा बावन्न. कागद मागाहून करता येतो, पण माझ्यात ती वेळ मी त्याच क्षणी लिहिली होती.

"अजून झालं नाही? एक वाजला," साहेब दारातूनच म्हणाले.

"आधी टेपवर नक्कल घेते, सर. नियमच आहे."

"नियम बघत बसाल तर तीन वाजतील."

तरी तिने माझी सगळीच्या सगळी नक्कल टेपवर घेतली. तुमच्याशी बोलतेय ती मी ही नक्कल. मग साहेब शेजारी उभे असताना तिला मोरूचं नाव काढावं लागलं. रिकाम्या जागा वगळत, पान पान करून नवी यादी तयार झाली. ती माझ्या निम्मीही भरली नाही. तीनला पाच मिनिटं असताना ती चालू झाली आणि सगळे खूश झाले. दिसते ती छान, पण मोरूला ओळखत नाही.

मला कपाटात ठेवलं. इथे टेपा मोजून तीन. दर सोमवारी एक पुसून तीच पुन्हा वापरतात, आणि येत्या सोमवारी माझी पाळी आहे.

आज शुक्रवार. चौकशीसाठी सरकारी कामगार अधिकारी आले आहेत. मोरूची बायको शांती दाराशी उभी आहे. प्रविण साहेबांनी अधिकाऱ्यांना नवी यादी उघडून दाखवली. "बघा, तो ब्रेकवर होता. या नावाची नोंदच आमच्याकडे नाही." शांतीने पदर तोंडाला लावला.

मृणाली उठली. कपाटातून तिने मला बाहेर काढलं आणि ती अधिकाऱ्यांकडे वळली.

"साहेब, यादी गेल्या आठवड्यात छोटी केलीय. त्याच्या आधीची ही आहे."

"मृणाली, तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय," प्रविण साहेब म्हणाले.

"माहीत आहे, सर."

कोपऱ्यातल्या जादा कॉम्प्युटरवर तिने मला लावलं. टेप फिरते आहे, मी पान पान करून वर येते आहे. मध्येच घरघर झाली, मला वाटलं संपलं सगळं. प्रविण साहेब म्हणाले, "जुनी टेप आहे, वाचणार नाही." मी जीव तोडून वर आले. मृणालीने घाईत टाईप केलेलं नाव पहिल्यांदा चुकलं. तिने खोडून पुन्हा टाईप केलं.

"हाय का गो त्यांचा नाव?" शांतीने दारातून विचारलं.

"हाय, वहिनी. एकोणीस तारीख, सकाळी सहा बावन्न."

शांती दारातच खाली बसली. जनूंनी धावत जाऊन पाणी आणलं.

"कॉम्प्युटर चुकतो कधीकधी," प्रविण साहेब म्हणाले. तीन वर्षं रोज माझ्या भरवशावर कंपनी चालवली, आणि आज मी चुकते! अधिकारी एकदा साहेबांकडे बघतात, एकदा माझ्याकडे. त्यांच्या पेनचं टोपण अजून लावलेलंच आहे.

अधिकारीसाहेब, मी काही फार दिवसांची सोबती नाही. सोमवारी मला पुसतील, महिनाअखेरीला त्या बारीक यादीतून मृणालीचंही नाव काढतील. पुसू द्या मला. पण आधी पेनचं टोपण काढा, आणि ही एक ओळ लिहून घ्या.