मी सहा बोटं उंच झालो

मित्रांनो, माझ्याकडे बघून आधी हसून घ्या, मग ऐका. मी लष्करातून निवृत्त झालेला एक जुना ट्रक आहे. मोठ्या ट्रकांच्या मानाने बुटका. पुढे दोघांना बसायला जागा, मागे उघडा हौदा, आणि इंजिनाचा जोर मात्र चारही चाकांना. लोक मला कधी 'तो ट्रक' म्हणतात, कधी 'ती गाडी'. मी दोन्हींना ओ देतो.

माझा जन्म लढाईच्या दिवसांत परदेशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीने हिंदुस्थानात आलो तेव्हा वाटलं होतं, आता तोफा ओढायच्या. प्रत्यक्षात मी दोन वर्षं छावणीत बटाटे वाहिले. लढाई संपल्यावर आम्हा शंभर-दीडशे गाड्यांना पुण्याजवळच्या एका माळावर लिलावासाठी उभं केलं. तिथे १९४९ साली भोरचे चिमाजी आले. ते स्वतः लष्करात ड्रायव्हर होते. त्यांनी माझ्या मडगार्डवर टकटक केलं, बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, "ही गाडी जीव लावंल. हीच न्यायची."

तेव्हापासून मी भोर आणि वेल्ह्याच्या वाटा तुडवू लागलो. भाताची पोती, कौलं, शेळ्या आणि कधी कधी वेल्ह्याच्या कचेरीतले कारकून. खरं सांगतो, शेळ्या जास्त शांत बसत.

गुंजवणे गावाच्या वर डोंगरात कोंढाळवाडी नावाची धनगरांची दहा-बारा घरांची वस्ती होती. तिथल्या सगुणाबाईंचा मुलगा रायबा तिशीला आला तरी त्याचं लग्न जमेना. मुलगा कष्टाळू होता, शेळ्या-गुरं होती, पण वाडीला पिठाची चक्की नव्हती. बायकांनी पहाटे उठून जात्यावर नाचणी दळायची, नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन वेल्ह्याला जायचं आणि दिवस मोडायचा. त्या वाडीत मुलगी द्यायला कोणी तयार होत नसे. चार वर्षांत तिथे एकही नवी सून आली नव्हती.

शेवटी सगुणाबाईंनी साऱ्या वाडीला पटवलं. शेळ्या विकून एक जुनी चक्की आणि तिचं तेलावर चालणारं इंजिन घेतलं. चक्कीचे दगड माणसांनी खांद्यावरून वर नेले. इंजिन मात्र आठ जणांनाही उचलून डोंगर चढवता येईना. त्याच सुमारास रायबाला भोंगवलीकडचं एक स्थळ आलं. मुलीला तिच्या आत्याने, बाळाबाईंनी, वाढवलं होतं. त्यांनी आपले दोन्ही तळवे सगुणाबाईंपुढे धरले.

"हे घट्टे बघा. जात्याच्या खुंट्यानं पडल्यात. माज्या पोरीच्या हाताला हे नगंत. येत्या शुक्रवारच्या पुढल्या शुक्रवारी म्या वाडीवर येती. इंजिनाचा आवाज ह्या कानांनी ऐकीन, मगच बोलणी."

सगुणाबाई तडक चिमाजींकडे आल्या. चिमाजी छाती काढून म्हणाले, "माज्या गाडीला चारी चाकांचा जोर हाय. उद्या इंजिन वाडीवर."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गुंजवण्याच्या वरच्या चढणीत वाटेच्या मधोमध एक काळा खडक होता. त्याला सगळे 'म्हैस' म्हणत. दोन्ही बाजूंना चाकं घेऊन मी तिच्यावरून जाऊ लागलो, आणि माझ्या पोटाखालचा, चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांचा लोखंडी गोळा तिच्या पाठीवर जो टेकला तो टेकलाच. मी पोटावर बसलो. चारही चाकं हवेत गरगर फिरू लागली. जोर भरपूर होता, पण तो लावायला खाली जमीनच नव्हती! गुराखी जमले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "गाडी अंडी उबवती का काय?"

आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. इंजिन तिथेच उतरवून त्यावर घोंगडी टाकली आणि दोन बैलांनी मला शेपटाकडून खाली ओढलं.

चिमाजी मला भोरच्या गेनू लोहारांकडे घेऊन गेले. गेनू माझ्याखाली सरपटत गेले आणि तिथूनच ओरडले, "चिमाजी, खडूक फुटत न्हाई ना? मंग गाडीच वर उचलू!"

"उचलू म्हंजी? कायमची?"

"व्हय. पाट्यांखाली ठोकळं देतो."

मित्रांनो, पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी कमानी. आमचं सारं ओझं त्यांच्यावर तोललेलं असतं. गेनूंनी मला जॅकने उचलून ओंडक्यांवर ठेवलं आणि मागच्या पाट्यांच्या व आसाच्या मध्ये लोखंडी ठोकळे बसवले. मग मला ओंडक्यांवरून उतरवून जेवायला गेले. आता माझं ढुंगण वर आणि नाक खाली. मी पाणी पिणाऱ्या शेळीसारखा दिसू लागलो. आळीतली माणसं हसून हसून भिंतीला टेकली. जेवून आल्यावर गेनूंनी पुढच्या पाट्यांत मोडीत काढलेल्या एका बसचे दोन-दोन पाटे वाढवले आणि मला सरळ केलं. मी चांगला सहा बोटं उंच झालो होतो. मला वाटलं, आता किल्लेसुद्धा माझ्याकडे मान वर करून बघतील.

पण उंचीबरोबर काय काय येतं ते मला ठाऊक नव्हतं. ब्रेकची रबरी नळी वीणेच्या तारेसारखी ताणली गेली. ते चिमाजींच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं, गेनूंनी लांब नळी घातली. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाल्यामुळे सरळ जायचं तर चिमाजींना हातातलं चाक डावीकडे वळवून धरावं लागे. समोरून येणारा बैलगाडीवाला त्यांचे वळलेले हात बघून आम्ही वळणार म्हणून थांबायचा, आणि आम्ही सरळ निघून जायचो.

त्यातून नव्या पाट्यांचा ताठा काही विचारू नका. रिकामा हौदा घेऊन धावलो की खड्ड्याखड्ड्याला उडायचो. दहीवाल्या सोजराबाई बाजाराला निघाल्या होत्या. त्यांना वर चढवायला आधी स्टूल लागलं, मग स्टुलावर पाट लागला. तीन कोसांनी उतरल्या तेव्हा मडक्यातल्या दह्याचं ताक झालं होतं आणि वर लोण्याचा गोळा तरंगत होता. त्या चिडून म्हणाल्या, "चिमाजी, गाडी हाय का रवी?"

शुक्रवार उजाडला. सकाळीच आम्ही म्हशीपाशी पोचलो. सगुणाबाई, रायबा आणि वाडीतले सहा जण इंजिनापाशी वाट बघत होते. बाळाबाई पायवाटेने कधीच वर गेल्या होत्या. सगळ्यांनी 'होऽ' म्हणून इंजिन उचललं, आणि तिथेच थांबले. माझा हौदा आता त्यांच्या छातीच्याही वर होता!

रायबा इंजिन खाली ठेवून मटकन बसला. "झालं. ह्या जल्मात काय माजं लगीन न्हाई."

चिमाजी गेनूंना शिव्या देऊ लागले. सगुणाबाईंनी मात्र आजूबाजूला नजर फिरवली आणि शेजारच्या खाचराच्या बांधाकडे बोट दाखवलं. "गाडी उंच झाली तर तिला खालच्या अंगाला उभी करा. शेपूट बांधाला लावा. बांध आन् हौदा एका पातळीत येत्यात का न्हाई बघा."

आले. लाकडांवरून ढकलत ढकलत इंजिन हौद्यात गेलं. पण ते ओझं पडताच माझे पाटे दबले आणि माझी दोन-तीन बोटं उंची गेली. मी घाबरलो. तेवढ्यासाठीच तर होता सारा खटाटोप! चिमाजींनी भाकरीचं गाठोडंसुद्धा खाली उतरवलं. सगुणाबाई वाटेच्या कडेला जमिनीवर पालथ्या झोपल्या आणि गाल मातीला लावून माझ्या पोटाखाली बघू लागल्या.

"या... या... जरा डावीकडं... आवं, तुमचं डावं न्हाई, माजं! हां... हळू..."

खर्रर्र! गोळा म्हशीच्या पाठीला घासला. मी श्वास रोखला. चिमाजींनी हलकेच पाय दाबला आणि मी पलीकडे उतरलो. सगुणाबाई उठल्या तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा मातीने लाल झाला होता आणि त्या रडत होत्या की हसत होत्या, हे मला कळलं नाही.

वाडीवर बाळाबाई घोंगडीवर बसून होत्या. त्यांनी इंजिनाकडे संशयाने पाहिलं. "नुसतं लोखांड दावून पोरी नेत्यात लोकं. चालू करून दावा. म्या जवळनं बघनार."

पण वर चढायचं कसं? रायबा पुढे आला आणि माझ्या हौद्यापाशी ओणवा झाला. त्याच्या पाठीवर पाय देऊन बाळाबाई वर आल्या. इंजिनात पाणी ओतलं, चिमाजींनी हँडल मारलं आणि धडाड धडाड धडाड! इंजिन हौद्यात, हौदा ताठ पाट्यांवर, आणि पाटे गेनूंच्या ठोकळ्यांवर. मी जागच्या जागी नाचू लागलो. शेळ्या दावी तोडून पळाल्या. बाळाबाई फळीला दोन्ही हातांनी गच्च धरून ओरडत होत्या, पण आवाज थरथरून बाहेर येत होता.

"पुऽऽरं कऽऽरा! ऐऽऽकलं! दिऽऽली! पोऽऽरगी दिऽऽली!"

रायबाने त्यांना उतरवलं. खाली आल्यावर त्या क्षणभर डोलत उभ्या राहिल्या. मग टाचा उंचावून आपल्या घट्टे पडलेल्या हाताने इंजिनाचं गरम लोखंड एकदा कुरवाळलं आणि सगुणाबाईंना म्हणाल्या, "ईनबाई, पैलं दळान माज्या पोरीचं."

वैशाखात लग्न झालं. पुढच्या दोन वर्षांत वाडीत आणखी पाच सुना आल्या. पाचही वरातींना मीच होतो आणि पाचही वेळा नवरीपेक्षा माझ्याभोवती गर्दी जास्त होती. थोडा गर्वही झाला मला.

आता १९६० साल आहे. रस्ते सुधारले, एसटी येते आणि माझी कामं कमी झाली. कित्येक महिने मी ऊन-पावसात नुसता उभा होतो. पाटे गंजून करकर वाजू लागले. कोणी वंगणाचा थेंब दिला नाही. मी कोणावर रुसलो नव्हतो, असं का ते दिसत होतं. चिमाजींचे गुडघे गेले होते. एके दिवशी ते आले, दार उघडलं, पाय उचलला आणि तो वर पोचेना. दोनदा प्रयत्न केला. मग दार लावून, मडगार्डवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

गेल्या आठवड्यात गेनू आले. तेही आता म्हातारे झालेत, माझ्याखाली शिरायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी ठोकळे काढले, जास्तीचे पाटे काढले आणि उरलेल्यांना वंगण दिलं. मी सहा बोटं खाली आलो. चिमाजी कोणाचाही हात न धरता आत बसले आणि आम्ही बाजारापर्यंत जाऊन आलो.

मित्रांनो, तुमच्याही दाराशी एखादं जुनं यंत्र किंवा जुनं माणूस उभं असेल. त्याला वेळेवर तेल-वंगण द्या, दोन शब्द बोला. आणि कधी कोणाचा पाय तुमच्यापर्यंत पोचत नसेल, तर थोडे खाली व्हा. मी उंच झालो तेव्हा साऱ्या तालुक्याने टाळ्या वाजवल्या होत्या. खाली आलो तेव्हा कोणी वाजवल्या नाहीत. पण चिमाजी आत बसून स्टिअरिंगवर हात ठेवत म्हणाले, "हां, आता बरं वाटलं." मलाही तसंच वाटलं.