गुरुवारची भाजी

धाकटीने कागदी पिशवीच्या तळापर्यंत हात घातला, एकेक टोमॅटो बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. एकावरही डाग नव्हता. मग तिने शेंगा ओट्यावर ओतल्या. किडकी शेंग सापडेना. कोबी नाकाशी धरला, तर कोबीलाही कोबीचाच वास.

"काय शोधताय, आई?" सुनेने दारातून विचारलं.

"काही नाही. बरं दिलंय ना, बघत होते."

"खराब असलं तर सांगा. फोटो काढून पाठवते, लगेच बदलून देतात."

धाकटी शेंगा गोळा करू लागली. तिला बदलून नको होतं. तिला एक सडका टोमॅटो हवा होता, नवऱ्यासमोर तळहातावर धरता येईल असा. म्हणजे म्हणता आलं असतं की या लोकांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, मीच जाते कशी मंडईत. पण लोक नेमके कामाला चोख निघाले होते.

महिना होत आला होता. एके दिवशी सून म्हणाली, आई, तुमचे गुडघे आता पिशव्या उचलण्याचे राहिलेत का, आजपासून सगळं घरपोच. मुलाने मान डोलावली. नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "बरोबर आहे." सगळे एवढे मायेने बोलत होते, की नाही म्हणायला तोंड उरलं नाही. गुडघे दुखत होते हे तर खरंच होतं.

मंडईत मला कोणी भेटतं, असं तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

सासरी ती धाकटी सून, म्हणून धाकटी. घराची दोन घरं झाली तरी नाव तसंच चिकटून राहिलं. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात दोघा भावांचा शब्दाला शब्द वाढला. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं. कोण नेमकं काय बोललं, ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. पण त्या दिवसापासून ना एकमेकांच्या घरी पाऊल, ना फोन. बायकांनाही बजावलं गेलं, तिकडच्या माणसांशी बोलायचं नाही.

बायकांनी ते पाळलं. निदान अक्षरशः तरी पाळलं. पुढे एका गुरुवारी दोघी जावा एकाच गाळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा थोरली भाजीवालीला म्हणाली, "यांना विचारा, धाकट्या मुलाचा ताप उतरला का."

"उतरला म्हणावं," धाकटी भाजीवालीला म्हणाली. "आणि यांना विचारा, पाठ कशी आहे."

भाजीवालीने तीन-चार गुरुवार हा निरोप्याचा धंदा केला. मग एकदा वैतागून म्हणाली, "बायांनो, तुमचं तुम्ही बोला. माझं गिऱ्हाईक खोळंबतंय." दोघी इतक्या हसल्या, की शेजारचे गाळेवाले वळून बघायला लागले. त्यानंतर तिने गाळ्यामागे दोन रिकामी खोकी पालथी घालून दिली. तिथे बसून दोघी शेंगा निवडता निवडता मुलांची दुखणी, परीक्षा, नोकऱ्या, सगळं एकमेकींना सांगायच्या. फोनची कधी गरज पडली नाही. तिकडे फोन केला तर मोठे दीर उचलतील, इकडे केला तर नवरा. त्यापेक्षा गुरुवार बरा. मुलाचं लग्न झाल्यावर धाकटी नव्या सुनेला मुद्दाम मंडईत घेऊन आली होती. थोरली कांद्यांच्या ढिगापाशी परक्या बाईसारखी उभी राहून मुलीला डोळे भरून बघून गेली. पुढच्या गुरुवारी म्हणाली, "गोड आहे गं. पण कांदे काय बघून घेते? एकही दाबून पाहिला नाही."

आता त्या सुनेला कांदे दाबून बघायची गरजच राहिली नव्हती.

शेवटच्या भेटीत थोरली थोडी दमलेली दिसली होती. बोलता बोलता थांबत होती. धाकटीने विचारलं, तर म्हणाली, "वय झालं की माझं. तुझ्याहून थोरली आहे मी." आणि मग घरपोच भाजी सुरू झाली. धाकटी रोज अंथरुणावर पडल्यावर हाच विचार करायची, की ताई येऊन बसत असतील, वाट बघत असतील. काय समजत असतील मला?

या गुरुवारी तिने चष्म्याच्या दांडीचा स्क्रू स्वतःच सुरीच्या टोकाने ढिला केला.

"चष्मा दुरुस्त करून आणते," ती नवऱ्याला म्हणाली.

"सून जाईल की संध्याकाळी."

"माझ्या नाकावर बसवून बघावा लागतो. सुनेचं नाक काय कामाचं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "आजच जायला हवं का?"

"मग काय, महिनाभर आंधळ्यासारखी फिरू?"

ती जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत तो खिडकीत उभा होता.

चष्म्याचं दुकान मागे टाकून ती सरळ मंडईत शिरली. लगबगीने चालल्यामुळे गुडघा ठणकत होता. गाळ्यापाशी एकच गिऱ्हाईक होतं, पाठमोरं, किंचित वाकलेलं. दोन्ही हातांत एकेक कोबी धरून त्यातला कुठला घ्यावा हे न कळल्यासारखं उभं होतं. भाजीवालीची नजर धाकटीवर गेली आणि तिने मान खाली घातली.

गिऱ्हाईक वळलं. मोठे दीर होते.

एवढ्या वर्षांत त्यांना तिने इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. दाढी वाढलेली, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात. परत फिरावं की बोलावं, तिला कळेना. त्यांनी दोन्ही कोबी हळूच खाली ठेवले.

"बरी आहेस ना?" ते म्हणाले.

"हो, भावजी. तुम्ही? ताई नाही आल्या?"

ते तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं, ऐकू आलं नसावं.

"ताई कुठे आहेत?"

"म्हणजे..." ते थांबले. "तुला कोणी सांगितलं नाही?"

मागच्या गाळ्यावर कोणीतरी बटाट्यांचं पोतं रिकामं केलं.

"महिना झाला," ते म्हणाले. "झोपेतच गेली. मी त्याच सकाळी फोन केला होता तुमच्याकडे. त्यानेच उचलला. 'बरं' म्हणाला आणि ठेवला. तो येणार नाही, हे धरूनच चाललो होतो मी. पण म्हटलं, निदान तू तरी येशील. सारखा दाराकडे बघत होतो."

धाकटीने गाळ्याच्या फळीला धरलं. भाजीवालीने खोकं पुढे सरकवलं, पण ती बसली नाही.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "त्या इथे माझी वाट बघत असतील."

दिरांनी मान वळवली. म्हणाले, "तुम्ही इथे भेटता हे मला ठाऊक होतं. गुरुवारी घरी आली की तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे की नाही. मी विचारायचो नाही, ती सांगायची नाही." त्यांनी पिशवीच्या बंदाला उगीच गाठ मारली, सोडली. "त्याची तब्येत कशी आहे?"

"बरे आहेत."

"त्याला एवढं सांग. माझ्या मनात काही राहिलेलं नाही. येऊन जा म्हणावं एकदा. नाही आला तरी हरकत नाही, पण मनात काही नाही, हे सांग."

"सांगते," ती म्हणाली.

मग तिने त्यांना भाजी घेऊन दिली. दाबून, वास घेऊन, एकट्या माणसाला पुरेल इतकीच. भाजीवाली तेवढ्या वेळात एकदाही पैशांचं बोलली नाही.

घरी येईपर्यंत डोळे कोरडेच होते. सुनेने दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून घाबरली.

"फार चाललात ना? तरी बाबा म्हणतच होते."

"काय म्हणत होते?"

"हेच, तुम्हाला आता मंडईत पाठवू नको म्हणून. सगळं घरपोच मागव असं त्यांनीच तर सांगितलं मला. एका सकाळी अचानक येऊन म्हणाले, आजपासूनच कर. मी यांना म्हटलंसुद्धा, बाबांना आईंची केवढी काळजी."

धाकटीने चपला काढल्या, जागेवर नीट ठेवल्या आणि आतल्या खोलीत गेली. नवरा पलंगाच्या कडेला बसला होता. शेजारी वर्तमानपत्र घडी न उलगडता पडलं होतं. त्याने तिच्या चष्म्याकडे पाहिलं. दांडी तशीच लोंबत होती.

"दादा भेटला?" त्याने विचारलं.

हा शब्द त्या घरात इतकी वर्षं कोणी उच्चारला नव्हता.

"भेटले."

तो तळव्यावर तळवा घासत राहिला. "रोज ठरवायचो, आज सांगू. तू ओट्यापाशी शेंगा निवडत असायचीस. मग वाटायचं, आज नको." मग म्हणाला, "तू मंडईत जाशील आणि तिथे कोणीतरी एकदम सांगेल, याची भीती वाटली. म्हणून..."

"तुम्हाला माहीत होतं आमचं?"

"गुरुवारी तू गुणगुणत यायचीस," तो म्हणाला.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. ताईंना शेवटचं बघायचं राहून गेलं होतं, या माणसामुळे.

"कसा आहे तो?"

"वाळलेत."

त्याने मान हलवली. मग खाली जमिनीकडे बघत, लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "मला काही म्हणाला का?"

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. पांढरे झालेले केस, वाकलेली मान, उत्तरासाठी थांबलेले दोन्ही हात.

"नाही," ती म्हणाली. "काही म्हणाले नाहीत."

आणि मग तिला रडू फुटलं, खोलीबाहेर ऐकू जाईल असं. तो धडपडत उठला, तिच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा म्हणू लागला, "वहिनी फार चांगल्या होत्या गं, फार चांगल्या होत्या."

ती फक्त ताईंसाठीच रडतेय, असं तिने त्याला समजू दिलं.