मंगळवारच्या आधीची सुट्टी

कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढणारा धैर्यशील एकदम म्हणाला, "हेमा, शनिवारी जंगलात तंबूत राहू आणि रविवारी दिवसभर चालू." तेव्हाच हेमाला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. वीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिला साध्या सिनेमालासुद्धा आपणहून नेलं नव्हतं. रेल्वेत रूळ तपासणारा इंजिनियर. सुट्टी म्हणजे विकास नगरच्या घरात पेपर तोंडावर घेऊन लोळणं. आणि आता म्हणे तंबू!

त्यात फोनवर नाव झळकणारी ती मालिनी. पंधरा दिवसांत चार फोन. फोन वाजला की हा बाल्कनीत पळणार, कोण होतं विचारलं की "ऑफिस" म्हणणार. ऑफिसशी इतकं हळू आवाजात कोण बोलतं हो?

शेजारच्या कांचनचं उदाहरण ताजं होतं. नवऱ्याने तिला नैनितालला नेलं, बोटीत बसवलं, लिंबू-मीठ लावलेलं कणीस खाऊ घातलं आणि परतीच्या गाडीत सांगितलं, मला घटस्फोट हवाय. बिचारी घाट उतरून काठगोदाम स्टेशनपर्यंत रडत आली. हेमाने बॅग भरताना स्वतःला बजावलं होतं, आपण रडायचं नाही. आधी त्या बयेचं नाव त्याच्या तोंडून काढायचं.

शहराच्या टोकाचं चिनहट मागे टाकून टॅक्सी दीड तास चालली, तेव्हा वनखात्याचं ते उद्यान आलं. रात्र तंबूत कुडकुडत काढली. सकाळी फाटकावरचा गार्ड म्हणाला, "आठ किलोमीटर का चक्कर है भैया, बोर्ड देखते जाइए," आणि दोघं चालू लागली.

पण हा सरळ चालेल तर शपथ! लांब कुठे पाटी दिसली की थांबायचा. "काय लिहिलंय गं?" तिने वाचलं की पावलं मोजत पाटीपर्यंत जायचा आणि खिशातल्या डायरीत काहीतरी टिपायचा. पावलं मोजायची त्याची खोड जुनीच. पण डायरी नवी होती. हेमाने मान लांब करून पाहिलं, तर त्याने ती पटकन मिटली.

"काय लिहिताय एवढं?"

"काही नाही. टाइमपास."

ओढ्याकाठी त्यांनी डबा उघडला. मेथीचे पराठे, लसणाची चटणी. धैर्यशीलने पहिला तुकडा चक्क तिच्या हातावर ठेवला. आलं, कणीस आलं!

"तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"पराठा मस्त झालाय," तो म्हणाला. तेवढ्यात फोन थरथरला. "आलोच हं," म्हणत तो सागाच्या झाडांमागे गेला.

आता मात्र हद्द झाली. हेमा उठली, झाडांना वळसा घालून ओल्या वाळूवरून गेली आणि त्याच्या उजव्या हाताला, चार पावलांवर, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अंगात भडक पिवळा स्वेटर. बघू दे ना! चोर रंगेहाथ सापडला पाहिजे.

त्याचं बोलणं चालूच. तिने हात हलवला. तरी चालूच. काय हा निर्लज्जपणा, बायको शेजारी उभी आणि...

"मालिनीजी, मंगल को चार्ट वही पुराना लगेगा न? मुझे पूरा याद है. बाएँ से काम चल जाएगा, दाएँ से तो अब कुछ नहीं दिखता. नहीं नहीं, घर में किसी को पता नहीं."

हेमाचा हात हवेतच राहिला. बाई नव्हती. देवा, बाई नव्हती! तिला हसू फुटलं, आणि ते ओठावर असतानाच दुसरी गोष्ट कळली.

"धैर्यशील!" तिने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारली.

तो सगळा वळला, तेव्हा कुठे त्याला ती दिसली. फोन बंद झाला.

"किती दिवस?"

"काचबिंदू आहे. दोन वर्षं." तो मटकन वाळूत बसला. "मंगळवारी माझी रेल्वेच्या दवाखान्यात तपासणी आहे. मालिनी तिथे डोळे तपासायच्या खोलीत असते. मागच्या वेळी अक्षरं पाठ करून पास झालो. डावा डोळा किती लांबचं वाचतो, ते आज मोजत होतो. कॉलनीत मोजलं असतं तर बोभाटा झाला असता. नापास झालो तर फायलींवर बसवतील गं मला. मी रुळांवरचा माणूस."

हेमाला त्याची दया आली, फार आली. पण पाय पुढे जाईनात.

"रुळाला तडा गेला तर तो कोण बघतं?"

"माझी माणसं बघतात. मग मी."

"आणि सही?"

"माझी."

"आपली लेक सृष्टी दर शुक्रवारी कॉलेजातून त्याच रुळांवरून घरी येते ना?"

त्याने फोन वाळूत पालथा ठेवला.

"बाई असती तर परवडलं असतं हो," हेमा म्हणाली. आता तिला रडू आवरेना, आणि आवरायचंही नव्हतं. "माझ्या एकटीचं वाटोळं झालं असतं. लावा साहेबांना फोन."

"मंगळवारपर्यंत थांब. आज रविवार आहे, हेमा."

"मग काय, रविवारी गाड्या बंद असतात?"