बिब्ब्याचे डाग

दवाखान्याच्या बाकावर सासू सुंदरम्मा एका टोकाला, सून चंद्रिका दुसऱ्या. मधे गुरुशांत, ना आईचा ना बायकोचा, मोबाइलमध्ये डोकं खुपसून. चंद्रिकाच्या मांडीवर तीन वर्षांचा प्रभु पेंगत होता. वर्षभर त्याला झटके येत होते आणि वर्षभर सासू गल्लीभर सांगत सुटली होती, "होटगीचं रक्तच नासकं. हिच्या माहेराचं देनं हाय हे." आज तिघांच्या रक्ततपासणीचा निकाल लागला की सुनेला होटगीला कायमची धाडायची आणि नातू ठेवून घ्यायचा, हेही तिनं तोंडावर सांगून टाकलं होतं.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं.

"मेंदूच्या पेशीवर 'शांत हो' हा निरोप झेलणारे रिसेप्टर असतात. ते घडवणाऱ्या जनुकात बाळाच्या बदल आहे. तोच बदल वडिलांतही आहे. वडिलांना लहानपणी झटके आले होते का? आले असतील, तर कारण सापडलं. नसतील, तर कारण दुसरं असू शकतं; पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासावं लागेल."

"माज्या लेकराला? कदीच न्हाय!" सुंदरम्मा फणकारली. "हिच्याकडंच शोदा."

चंद्रिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रभुला पहिला झटका आला तेव्हा हीच बाई सुईला टोचलेला बिब्बा तापवून त्याच्या पोटावर चटके द्यायला धावली होती. चंद्रिकानं तो हिसकून फेकला होता. पण तो हात किती सराईत होता! आणि नवऱ्याच्या बेंबीभोवतीचे ते काळे गोल डाग? दूध सांडून भाजलं म्हणे. आपणही बावळटासारखा विश्वास ठेवला.

"शर्ट वर करा," ती नवऱ्याला म्हणाली.

"हितं?"

तिनंच ओढून वर केला. डॉक्टरबाई वाकल्या. "हे बिब्ब्याचे चटके. कशासाठी दिले होते, आजी?"

सुंदरम्मा उसळलीच. "तापात डोळे पांडरे करायचं! मरू दिलं असतं का? मोटं झाल्यावर थांबलं की! आन् सांगितलं असतं तर हिच्या बापानं पोरगी दिली असती व्हय?"

"नसती दिली," चंद्रिका म्हणाली.

डॉक्टरबाईंनी सुईचं रद्द करून औषध बदलून दिलं. बाहेर येताच सासूनं सवयीनं नातवाला घ्यायला हात पुढं केले. चंद्रिकानं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"होटगीला मी जानारच हाय, आत्या. तुमीबी चला. गल्लीत बोललासा ते माज्या आईच्या दारात हुबं ऱ्हाऊन बोला."