ओबुयाच्या जागी पुरलेलं फळ

मंडळी, तरणाताठा मुलगा परक्या देशाच्या लढाईत मेला आणि प्रेतही आलं नाही, तर घरच्यांनी पुरायचं काय? आम्हा लुओ लोकांत अशा वेळी यागोच्या झाडाचं फळ पुरतात, लांबलचक आणि धोंड्यासारखं जड. न्यांग्वेसोने आपल्या थोरल्या मुलाच्या, ओबुयाच्या नावाने तेच चादरीत गुंडाळलं होतं. आई त्या फळालाच कवटाळून बसलेली. बघवत नव्हतं.

खड्डा बुजला, आणि धाकटा ओलुओच उठून म्हणाला, शुक्रवारी मीही निघतोय. ओबुयाला भरती करून नेणारा तोच एजंट, तीच पलटण, तोच बर्फाचा देश. त्याच्या बायकोने पोराला जवळ ओढलं. न्यांग्वेसो मात्र मान ताठ करून म्हणाला, "जाऊ दे. भावाचा सूड घेईल. माझं रक्त आहे."

ओलुओचची आत्या आकेच तोंडाची फटकळ. तिने भाच्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "कुणाचा सूड रे? लढाई कुणाची कुणाशी, तेवढं तरी सांग."

"ते एजंटाला ठाऊक," ओलुओच म्हणाला.

"मग पैशासाठी?"

"पैसे देतात म्हणे. पण आत्या, तिशी उलटली माझी. पोरगा शाळेत जातो, आणि मी अजून बाबांच्या कुंपणातल्या खोपटात. चार माणसांत तोंड उघडलं की म्हणतात, ज्याला घर नाही त्याने गप बसावं. तिथे बंदूक हातात देऊन निदान माणूस तरी म्हणतील."

आमच्यात नवं घर मांडायचं तर बापानेच मुलाला जागेवर न्यावं लागतं, आणि थोरल्याच्या आधी धाकट्याला नेत नाहीत. ओबुयाने कितीदा विनवलं होतं. बापाचं एकच पालुपद, आधी मर्दुमकी दाखव! ती दाखवायलाच तो गेला.

"दादा," आकेच भावाला म्हणाली, "एजंटाने नुसतं तिकीट काढलं. घालवलंस तू. आता दुसऱ्यालाही घालव, यागोच्या झाडाला फळं काही कमी नाहीत."

न्यांग्वेसोचं तोंड एवढंसं झालं. तो मातीतच बसला आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडला. मग धाकट्याला म्हणाला, "जाऊ नकोस. दुखवटा फिटला की पहाटे तुझं घर मांडायला निघू. मी कुऱ्हाड घेतो, तुझा पोरगा कोंबडा धरेल, सूनबाई विस्तव आणेल. जागा तू दाखव. ओबुयाला हे म्हणालो असतो तर..."

ओलुओच राहिला. शुक्रवारी एजंटाची गाडी आली, आणि शेजारच्या गावचा एक मुलगा घेऊन गेली.

मंडळी, पोरं नुसती पैशाला भुलत नाहीत. ज्याला घरात किंमत नाही, त्याला किंमत देणारा बंदूकवाला कुठे ना कुठे भेटतोच. तो भेटायच्या आत आपल्या पोराला जवळ बसवा, त्याला माणूस म्हणा. मातीआड फळ पुरून मुलगा परत येत नाही.